मामांची तीन लिटरची कोन्याक

नौपाड्यातील मामांचे घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक अवजड बाटली सापडली. ती कामू या फ्रेंच घराण्याची ‘नेपोलियन’ कोन्याक, द्राक्षांच्या वाइनपासून केलेली ब्रँडी होती, तीही तीन लिटरची, म्हणजे नेहमीच्या चार बाटल्यांएवढी. मामा जहाजावर इंजिनिअर होते आणि १९७८ साली त्यांनी ती एका बंदरावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून आणली होती. १८६३ मध्ये सुरू झालेली ही पेढी आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

घरातील प्रत्येकाचे म्हणणे एकच होते, की इतक्या वर्षांत ती अधिकच मुरली असेल. मला ते खोडून काढावे लागले. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील शाराँत भागातील द्राक्षांची आंबट, हलकी वाइन तांब्याच्या भट्टीतून दोनदा ऊर्ध्वपातित करतात आणि ते पारदर्शक मद्य ओकच्या पिंपांत किमान दोन वर्षे ठेवतात. रंग आणि सुगंधाची खोली त्याला तिथेच येते. या काळात दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य हवेत विरते. त्याला तिथले लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात आणि त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने तिथल्या कोठारांच्या भिंती काळ्या पडलेल्या असतात. काचेत भरल्यावर मात्र मुरणे थांबते. आमची बाटली वयाने वाढली, कोन्याक नाही.

माझ्या दृष्टीने तिचे मोल याच थांबण्यात आहे, कारण मामांनी ज्या वर्षी ती हातात घेतली, त्या वर्षीची चव तिच्यात जवळजवळ तशीच असण्याची शक्यता आहे. मोठ्या बाटलीचा येथे उपयोगच होतो. बुचाच्या मानाने आतील मद्य खूप जास्त असल्याने झिरपून होणारी घट तुलनेने कमी जाणवते. वाईट एवढेच वाटले, की ती इतकी वर्षे आडवी पडून होती. वाइनची बाटली आडवी ठेवतात, पण कोन्याकचे चाळीस टक्के अल्कोहोल बुचाला सतत भिजवून ते ठिसूळ करते. तरीही पातळी मानेच्या खाली फारशी उतरलेली नाही.

आता ती पाचपाखाडीतल्या भाड्याच्या घरात, अंधाऱ्या कपाटात उभी आहे. उघडल्यावर अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा साठून सुगंध उडू लागतो, म्हणून उरलेली कोन्याक त्याच दिवशी काठोकाठ भरता येईल अशा लहान बाटल्या मी आधीच धुऊन, वाळवून ठेवल्या आहेत. बूच मात्र मामीच काढतील.