जुना बंपर, दरवाजा, इंजिन ट्रान्सपोर्टने पाठवताना

कुर्ल्याच्या बाजारात विकलेला जुना बंपर लातूरच्या गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत किती वेळा उचलला जातो, ते आधी मोजा. दुकानातून टेम्पोत चढतो, बुकिंगच्या गोडाऊनला उतरतो, लाइनच्या (लांब पल्ल्याच्या) गाडीत चढतो, मधल्या हबला उतरतो, पुन्हा चढतो, लातूरच्या गोडाऊनला उतरतो, डिलिव्हरीच्या टेम्पोत चढतो आणि दारात उतरतो. आठ वेळा चढ-उतार. माल तुटतो तो बहुतेक याच चढ-उतारीत. त्यामुळे पॅकिंग करताना खड्ड्यांपेक्षा हमालाचा विचार करावा: तो हा नग कुठे धरेल, कसा टेकवेल आणि त्याच्यावर काय ठेवेल? धरायला जागाच नसलेला नग ओढला जातो, त्यात त्याचा दोष नाही.

पॅकिंगला हात लावण्याआधी टेप घेऊन भाड्याचा हिशेब करा, कारण मोठ्या आणि हलक्या मालाचं भाडं काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. हॅचबॅकचा पुढचा बंपर ४-५ किलोचा असतो, पण पॅक झाल्यावर १७० बाय ६० बाय ४५ सेंटिमीटर जागा खातो. कुरिअरवाले या तिन्ही मापांचा गुणाकार करून ५००० ने भागतात. उत्तर येतं जवळपास ९२ किलो, आणि बिल त्याचंच होतं. ट्रान्सपोर्टवाले घनफुटावर जातात: इंचांतली तिन्ही मापं गुणून १७२८ ने भागायची आणि प्रत्येक घनफुटाला ठरलेले किलो लावायचे. हाच बंपर पूर्ण इंचांत ६७ बाय २४ बाय १८ धरला तर पावणेसतरा घनफूट भरतो. घनफुटाला ८ किलो धरले तर १३४ किलोचं भाडं. म्हणून ‘किलोचा रेट काय’ एवढं विचारून भागत नाही, ‘घनफुटाला किती किलो धरता’ हेही बुकिंग क्लार्ककडून आधीच काढून घ्या. माप बाहेरच्या टोकाला घेतलं जातं, त्यामुळे बाहेर आलेली एक फळीसुद्धा पैसे खाते. एकाच मॉडेलचे दोन बंपर एकाच्या पोटात दुसरा असे बसवले तर उंची फक्त १५ सेंटिमीटरच्या आसपास वाढते आणि कुरिअरच्या हिशेबाने प्रत्येकी वजन ६१ किलोवर येतं. इंजिनचं मात्र उलटं. १०० किलोचं इंजिन ८० बाय ६५ बाय ७५ सेंटिमीटरच्या पेटीत बसलं तर मापाने ७८ किलोच भरतं, तिथे काट्यावरचं वजनच चालतं.

आता बंपर. आधी फॉगलॅम्प, जाळी, पार्किंग सेन्सर, नंबरप्लेटची पट्टी असं सगळं उतरवून वेगळं बांधा. मग बंपर धुऊन पूर्ण वाळवा. ही पायरी फार जण टाळतात आणि नेमका तिथेच रंग जातो: गाडी दहा-बारा तास थरथरत असते आणि वेष्टनाखाली अडकलेली वाळू तेवढा वेळ पॉलिशपेपरचं काम करते. पहिला थर १-२ मिलिमीटर ईपीई फोम (मऊ, लवचीक प्लॅस्टिक फोम) शीटचा. त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे रंगाला चिकटून राहिले तर एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत गोल गोल वण उमटतात, आणि ताज्या रंगावर ते कायमचे राहतात. त्याच कारणाने स्ट्रेच फिल्म (ताणून गुंडाळायचं पातळ प्लॅस्टिक) थेट रंगावर कधीच लावू नका. बबल रॅपवर नालीदार पुठ्ठ्याचा रोल, मग स्ट्रेच फिल्म.

बंपरचे खरे नाजूक भाग म्हणजे दोन्ही टोकांचे कान, जिथे तो फेंडरच्या क्लिपमध्ये बसतो. पट्टी मशिनने करकचून बांधला की टोकं आत ओढली जातात आणि कानाच्या मुळाशी तडा जातो. त्यासाठी दोन्ही टोकांच्या मध्ये एक लाकडी पट्टी किंवा पीव्हीसी पाइप आडवा बसवा, टोकं आपल्या जागी राहतात. पोट रिकामं सोडू नका. पालथा ठेवलेला रिकामा बंपर म्हणजे कमान, वर दोन गोणी पडल्या की मधोमध बसते. पोटात जुन्या खोक्यांच्या घट्ट गुंडाळ्या किंवा ईपीईचे तुकडे भरा. थर्मोकोल हलका आणि स्वस्त असला तरी दुसऱ्या-तिसऱ्या आदळण्यात त्याचा चुरा होतो आणि पोकळी पुन्हा तयार होते.

दरवाजा आणि बॉनेट यांचं दुखणं वेगळं. पत्रा मधे सहसा वाकत नाही, कोपरे वाकतात. बॉनेटचे बिजागरीकडचे दोन कोपरे आधी जातात, आणि एकदा कोपरा दुमडला की आतला सांगाडाही वळतो, डेंटरकडे काम वाढतं. प्रत्येक कोपऱ्याला फोम, त्यावर दुमडलेल्या ५ प्लाय (पाच थरांच्या) पुठ्ठ्याची टोपी, आणि कडांना उभा चिरलेला पाइप. मग ३ बाय १ इंच पट्ट्यांची चौकट, खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडलेली. थरथरीने खिळे ढिले होऊन बाहेर येतात आणि शेजारच्या नगात घुसतात. शिवाय स्क्रू असले की गिऱ्हाइकाला चौकट फोडावी लागत नाही. बॉनेट उभंच पाठवा. आडवं ठेवलं की ते टेबल होतं आणि त्यावर माल रचला जातो. चौकटीच्या वरच्या बाजूला दोन हात जातील एवढी जागा मोकळी ठेवली तर हमाल ते आपोआप उभं धरतो. ‘उभे ठेवा’ असं मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत दोन्ही बाजूंना लिहा, पण भरवसा त्या हातांच्या जागेवर ठेवा.

दरवाजाची काच पूर्ण खाली घ्या, मग ती पत्र्याच्या पोटात सुरक्षित राहते. बॅटरी नसली तरी पॉवर विंडोच्या मोटरच्या दोन पिनांना थेट १२ व्होल्ट दिले की काच हलते. उलट दिशेला गेली तर तारा अदलाबदल करा. काच आणि पत्रा यांच्या फटीत फोमची पट्टी ठोसा, नाहीतर ती आत खडखडत राहते. बाजूच्या काचा टफन्ड असतात आणि त्यांना कडेवर बसलेला एक टोला पुरतो. आरसा काढून वेगळा द्या. बिजागऱ्या बाहेर आलेल्या असतात, त्यांना जाड पुठ्ठा गुंडाळा. वायरिंगचा कपलर (जोडणीचं टोक) प्लॅस्टिक पिशवीत घालून दाराला टेपने चिकटवा, कारण लोंबणारा कपलर हमखास तुटतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स हे जड, आणि सर्वांत महागाचं नुकसान इथेच होतं. ऑइल, कुलंट पूर्ण काढा आणि ऑइल फिल्टरही उतरवा. रात्रभर निथळू दिलं तरी आत थोडं तेल राहतंच. गिअरबॉक्स आडवा पडला की ते ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या भोकातून) किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या भोकांतून बाहेर येतं आणि शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्याची भरपाई तुमच्या गळ्यात पडते. भोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या किंवा घट्ट लाकडी गुट्ट्या लावा. चिंधी कोंबू नका, ती तेल शोषून वातीसारखी बाहेर झिरपवते. टर्बोचं तोंड, इंजेक्टरचे नळ, इनटेक यांचीही तोंडं बंद हवीत. आत गेलेला एक स्क्रू टर्बोचं चाक खातो.

सर्वांत महत्त्वाचं: इंजिनचं वजन संपवर, म्हणजे इंजिनच्या तळाला असलेल्या ऑइलच्या भांड्यावर, टेकवू नका. संप पातळ पत्र्याचा असेल तर दबतो, ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर चिरतो. दबलेला संप ऑइलच्या जाळीला जाऊन लागतो, गाडीत बसवल्यावर ऑइल प्रेशर येत नाही आणि गिऱ्हाइकाला वाटतं इंजिनच खराब दिलं. इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटवर आणि बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) बोल्टवर उभं राहील असा लाकडी पाळणा करून त्याला बोल्टने आवळा. जुन्या टायरमध्ये इंजिन ठेवायची पद्धत बाजारात सर्रास दिसते. गावातल्या गावात ती चालते, पण लांबच्या लाइनला टायर दबतो आणि संप फळीला लागतो. पाळण्याखाली ४ इंचांची मोकळी जागा ठेवा, म्हणजे हँडट्रॉली शिरते. ती शिरली नाही तर नग लोटला जातो. पावसाळ्यात ताडपत्री गळते हे गृहीत धरून पुठ्ठ्याच्या आत जाड पॉलिथिन घाला. भिजलेल्या पुठ्ठ्यात जोर उरत नाही.

हेडलॅम्पला खोक्यात खोकं, मधे सगळीकडून ५ सेंटिमीटर भराव. रेडिएटर आणि कंडेन्सरला दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे तुकडे. एसीच्या नळ्यांची तोंडं ताबडतोब बंद करा, दमट हवा आत गेली की ड्रायर (एसीतला ओलावा शोषणारा भाग) निकामी होतो.

एअरबॅग पाठवू नका, विकूही नका. तिच्यात स्फोटक भुकटी असते, साध्या पार्सलात ती धोकादायक माल ठरते. वास येणारी पेट्रोलची टाकीही नको.

पॅक करण्यापूर्वी पार्ट नंबरचा, क्लिपांचा, आधीच असलेल्या ओरखड्यांचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवून त्याचा होकार लेखी घ्या. डावा-उजवा यात घोळ होतो. ‘ड्रायव्हर साइड’ (उजवी) की ‘क्लीनर साइड’ (डावी) हे विचारा. न दिसणाऱ्या जागी पेंट मार्करची खूण करा, म्हणजे परत आलेला माल तुमचाच आहे हे कळतं. इंजिनवर नंबर असतो, तेव्हा बिलासोबत मूळ गाडीच्या आरसीची आणि मोडीत काढल्याच्या दाखल्याची प्रत जायला हवी. गिऱ्हाइकाला आरटीओत नव्या नंबरची नोंद करायला ती लागते. परराज्यात ५० हजार रुपयांवर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर माल असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हवं. २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते.

अनोळखी गिऱ्हाइकाला ‘टू पे’ (भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं) बुकिंग करू नका. त्याने माल सोडवला नाही तर जाण्या-येण्याचं भाडं आणि डॅमरेज (माल गोडाऊनमध्ये पडून राहिल्याचा आकार) दोन्ही तुमच्यावर येतं. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) किंमत खरी लिहा. १००० रुपयांचं भाडं असेल तर नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्टरची जबाबदारी सहसा भाड्याच्या दहापट, म्हणजे १०,००० रुपयांपर्यंतच असते, आणि तीही लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. ४०,००० च्या इंजिनला वेगळा विमा किंवा जास्त जोखमीचा दर घ्यावा.

गिऱ्हाइकाला फोनवर स्पष्ट सांगा: आधी चारही बाजूंचा व्हिडिओ, मग उघडणं, आणि चौकट वाकलेली किंवा पुठ्ठा फाटलेला दिसला तर डिलिव्हरीच्या कागदावर तसा शेरा लिहूनच सही. नुकसानीची लेखी नोटीस ट्रान्सपोर्टरला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे. दावा लावायचा तर कायद्याला ती आधी लागते, आणि शेरा नसलेल्या कागदावर ती टिकवणं फार अवघड जातं.