एका सकाळी दोन स्लिपा

जानेवारीचा दुसरा आठवडा आमच्या धंद्यात पळवापळवीचा. साखळी सामने संपले की लगेचच्या सोमवारी हरलेल्या क्लबांचे कोच आणि जनरल मॅनेजर घरी जातात आणि रिकाम्या खुर्च्या भरायला ते क्लब इतरांच्या दुसऱ्या फळीकडे बघायला लागतात. मी अमेरिकेत एनएफएलमधल्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या, एका क्लबच्या फुटबॉल अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये काम करते. (फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा. सांगलीतल्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी मेस्सीच्या कुठल्यातरी क्लबात आहे.) खेळाडूंचे करार, सॅलरी कॅपचा (खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा) हिशेब आणि लीगशी चालणारा कागदी व्यवहार हे आमचं खातं. दुसऱ्या क्लबाने आमच्या माणसाची मुलाखत मागितली, तर ती मागणी आधी माझ्या बॉसच्या आणि माझ्या हातात येते. ऑफिसात तिला सगळे ‘स्लिप’ म्हणतात.

त्या मंगळवारी सकाळी दोन आल्या. पहिली आमच्या असिस्टंट जीएमसाठी, थेट जनरल मॅनेजरच्या जागेवर. दुसरी आमच्या प्रो स्काउटिंगच्या डायरेक्टरसाठी, ‘व्हाइस प्रेसिडेंट, प्लेयर पर्सोनेल’ या पदासाठी. वाचता वाचता बॉस म्हणाली, “पहिलीला हो म्हणावंच लागेल. दुसरीचं मात्र आपल्या हातात आहे.”

हे ऑफिस बाबांना समजावताना मला साखर कारखानाच आठवतो, कारण त्यांची नोकरी तिथेच गेली. मालक म्हणजे चेअरमन, जीएम म्हणजे कार्यकारी संचालक. ऊस कुणाचा घ्यायचा हे एमडीनं ठरवायचं, पण चेअरमनचा फोन कधी येईल सांगता येत नाही. जीएमच्या हाताखाली असिस्टंट जीएम. त्याच्याखाली दोन स्काउटिंग विभाग. एक कॉलेजचा, ज्याचे एरिया स्काउट ऑगस्टपासून भाड्याच्या गाड्यांतून चार-पाच राज्यं पालथी घालतात. दुसरा प्रो विभाग. बाकीच्या 31 क्लबांत कोण आहे, कुणाचा करार संपतोय, कोण आज सुटला तर आपण उद्या घ्यावा, याची यादी रोज ताजी ठेवणं हे त्यांचं काम. शिवाय अॅनालिटिक्स, वैद्यकीय, व्हिडिओ आणि आम्ही. काही क्लबांत कोच जीएमला उत्तर देतो, काही ठिकाणी दोघं थेट मालकाला. 2018 मध्ये ग्रीन बे क्लबने जीएम, कोच आणि करार बघणारा अधिकारी असे तिघेही क्लबच्या प्रेसिडेंटच्या हाताखाली नेले. तिथे एकच एक मालक नाही, भागधारक आहेत.

पाटीवर काय लिहिलंय त्यावरून मात्र काही कळत नाही. सिनसिनाटीत ड्यूक टोबिन वर्षानुवर्षं खेळाडूंचा कारभार बघतायत, पद ‘डायरेक्टर ऑफ प्लेयर पर्सोनेल’. डॅलसमध्ये मालक जेरी जोन्स 1989 पासून स्वतःच जीएम. न्यू इंग्लंडमध्ये बेलिचिक 2024 च्या जानेवारीपर्यंत कोच होते, पण शेवटचा शब्द त्यांचाच. म्हणून लीगचा नियम पाटी बघत नाही, अधिकार बघतो. ड्राफ्टवर (कॉलेजातले नवे खेळाडू क्लबांनी फेरीफेरीने निवडतात त्यावर) आणि संघातल्या खेळाडूंवर मुख्य अधिकार ज्याच्याकडे, तो ‘प्रायमरी फुटबॉल एक्झिक्युटिव्ह’. अशा जागेसाठी दुसऱ्या क्लबाने तुमचा खालचा माणूस मागितला तर तुम्ही अडवू शकत नाही. मे 2020 पासून खऱ्याखुऱ्या असिस्टंट जीएमच्या पदासाठीही त्याखालच्या माणसाला अडवता येत नाही. बाकीच्या पदांना मात्र करार चालू असेपर्यंत सरळ नकार देता येतो.

पहिल्या स्लिपचं काम अर्ध्या तासात उरकलं. पण तिच्यामुळे जी बैठक झाली, ती मला जास्त खटकली. आमचा असिस्टंट जीएम कृष्णवर्णीय आहे. नोव्हेंबर 2020 च्या नियमानुसार, निदान दोन वर्षं तुमच्याकडे काम केलेला अल्पसंख्याक समाजातला अधिकारी दुसरीकडे मुख्य एक्झिक्युटिव्ह किंवा हेड कोच झाला, तर तुम्हाला पुढच्या दोन ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीची एकेक जादा निवड मिळते. 2021 मध्ये ब्रॅड होम्स डेट्रॉइटचा जीएम झाला तेव्हा त्याच्या आधीच्या क्लबाला, रॅम्सना, अशाच दोन मिळाल्या. नियमामागचा हेतू चांगला आहे, माणसं घडवणाऱ्या क्लबाला काहीतरी परत मिळावं. पण तो माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असताना चौघांनी फळ्यावर पुढच्या दोन वर्षांच्या तिसऱ्या फेऱ्या मांडून बघायच्या, हे ऐकायला बरं वाटत नाही. तेवढ्यात तो स्वतःच दारात आला, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “चला, माझा भाव तरी कळला. पहिल्या फेरीचा नाही म्हणजे.” सगळे हसले. जीएमनी फळा पुसला.

अडचण होती ती दुसऱ्या स्लिपची. मालकांचा फोन आला. प्रो विभागाने त्या मोसमात दोन-तीन जबरदस्त माणसं जवळजवळ फुकटात मिळवून दिली होती आणि मालकांना ते ठाऊक होतं. त्यांनी एकच विचारलं, “आपण नाही म्हणू शकतो?” बॉस म्हणाली, म्हणू शकतो. समोरच्यांनी असिस्टंट जीएमचं पद देऊ केलं असतं तर आमचे हात बांधले गेले असते, पण तिथे त्या जागेवर आधीच एक जण होता आणि त्याला दुखवायची त्यांची तयारी नव्हती. “मग नाही म्हणा,” मालक म्हणाले. जीएमच्या मनात नव्हतं हे दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. या ऑफिसातला शेवटचा शब्द कुणाचा, ते त्या क्षणी मला कराराच्या कागदापेक्षा स्पष्ट कळलं.

नकाराचा मेल मी लिहायला घेतला. चार ओळींचा असतो. अमुक कर्मचारी करारबद्ध आहे, सदर पद नियमातील पदांत बसत नाही, परवानगी नाकारण्यात येत आहे, धन्यवाद. तिसऱ्या ओळीवर असताना तो डायरेक्टर माझ्या टेबलापाशी आला. आमच्याच बाजूला कॉफीचं मशीन आहे. वेव्हरच्या (क्लबांनी सोडलेल्या आणि इतरांना मागता येणाऱ्या खेळाडूंच्या) यादीतल्या कुठल्याशा लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या, गुडघ्याबद्दल त्याला काही विचारायचं होतं. मी लॅपटॉपचं झाकण निम्मं खाली केलं. त्याने ते बघितलं. या धंद्यात जानेवारीत कुणी झाकण खाली केलं की समोरच्याला सगळं कळतं. “हो की नाही?” एवढंच विचारलं त्याने. मी म्हटलं, “ते जीएम सांगतील तुला.” तो मान हलवून गेला. गुडघ्याचं विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी जीएमनी त्याला बोलावून सांगितलं. पगार वाढवला, पाटीवर ‘सीनियर’ चढवलं, करार दोन वर्षांनी वाढवायचा प्रस्ताव ठेवला. इथे एक गोष्ट सांगायला हवी. खेळाडूंच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा असते, 2025 साली प्रत्येक क्लबाला 27 कोटी 92 लाख डॉलर. ऑफिसातल्या माणसांच्या पगाराला कसलीच मर्यादा नाही. मालकाने ठरवलं तर एका स्काउटिंग डायरेक्टरला तो दुप्पट देऊ शकतो आणि कॅपवर एका डॉलरचाही बोजा येत नाही. तरीही बहुतेक क्लब इथेच हात आखडता घेतात आणि त्याऐवजी पाट्या वाटतात. गेल्या काही वर्षांत असिस्टंट जीएम, सीनियर डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट यांचं पीक आलंय त्याचं निम्मं कारण हेच. पाटी फुकट असते, आणि असिस्टंट जीएमची दिली तर दुसऱ्यांना त्याच पदासाठी तुमचा माणूस मागताही येत नाही.

डायरेक्टरने पगारवाढ घेतली, पाटी घेतली आणि कराराची मुदतवाढ टेबलावर तशीच ठेवली. संध्याकाळी घरी निघताना बाबांचा फोन आला, तिकडे पहाट झालेली. ऐकून म्हणाले, “अगं, सही नाही केली म्हणजे गेलाच तो. तारीख तेवढी बघ.”

तारीख मे महिन्याच्या शेवटाची होती. स्काउटिंगमधले बरेचसे करार ड्राफ्टनंतर, मेअखेर संपतात. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो आणि वर्षभराची गुपितं वापरून झालेली असतात. कुणाला सोडायचं, कुणाला घ्यायचं, हे सगळं त्या चार आठवड्यांत होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमचा माणूस त्याच क्लबात रुजू झाला, त्याच पदावर. आम्ही जे पुढे ढकललं, ते सहा महिनेही टिकलं नाही.

पहिल्या स्लिपचं म्हणाल तर असिस्टंट जीएमची मुलाखत चांगली झाली, पण ती जागा दुसऱ्याला मिळाली. फळ्यावरच्या दोन निवडी आल्याच नाहीत. तो पुढच्याच सोमवारी कॉलेजच्या बैठकीत नेहमीच्या खुर्चीत बसला होता.

अडवण्याचा हक्क क्लबाला आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही, करार शेवटी करार असतो. जून 2019 मध्ये ह्यूस्टनने न्यू इंग्लंडच्या निक कसेरिओसाठी प्रयत्न केला तेव्हा न्यू इंग्लंडने थेट टॅम्परिंगची, म्हणजे आमचा करारबद्ध माणूस नियम मोडून फितवताय अशी, तक्रार ठोकली. त्याच्या करारातल्या अटी समजल्यावर ह्यूस्टनने माघार घेतली आणि तो मोसम जीएमशिवाय काढला. अडवणं इतकं यशस्वी क्वचितच होतं. तरी जानेवारी 2021 मध्ये कसेरिओ ह्यूस्टनचा जीएम झालाच. उलट 2022 च्या पहिल्या सहामाहीत फिलाडेल्फियाचा जीएम हॉवी रोझमन याच्या हाताखालची चार वरिष्ठ माणसं बाहेर पडली. इयन कनिंगहॅम शिकागोला, ब्रँडन ब्राउन न्यूयॉर्क जायंट्सकडे, अँडी वाइडल पिट्सबर्गला, कॅथरीन रेश क्लीव्हलंडला, चौघंही असिस्टंट जीएम म्हणून. असिस्टंट जीएम झालेल्या माणसाबद्दल जादा निवड मिळत नाही, म्हणजे रोझमनच्या पदरात काहीच पडलं नाही. पण पुढच्याच फेब्रुवारीत तो क्लब सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, होता आणि 2025 च्या फेब्रुवारीत तो जिंकलाही. इथून माणसं वर जातात हे एकदा बाहेर समजलं की हुशार पोरं आपणहून दार ठोठावतात. आमच्याकडे जूनमध्ये रिकाम्या जागेसाठी ज्यांना विचारलं, त्यातल्या दोघांनी पहिला प्रश्न काय केला असेल? “मागच्याला का अडवलं होतं?”

खरा फटका ऑगस्टच्या शेवटी बसला. त्या दिवशी प्रत्येक क्लबाला 90 जणांतून 53 ठेवून बाकीचे सोडावे लागतात. कमी अनुभवाचे खेळाडू सुटले की आधी वेव्हरवर जातात, आणि कुणी मागितले नाहीत तरच आपल्या सराव संघात परत घेता येतात. आम्ही एका तरुण लाइनमनला असंच सोडलं होतं. त्याचे सामने फारसे कुणी पाहिलेले नव्हते, सरावात मात्र तो सुरेख खेळत होता, आणि हे आमच्या इमारतीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी यादी आली. एकाच क्लबाने मागितला होता. बॉसने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “ओळखलंस ना कुणाचं काम?” हाच तो लाइनमन, ज्याच्या गुडघ्याबद्दल विचारायचं राहिलं होतं. जानेवारीत आम्ही त्याला दुसऱ्यांच्या वेव्हरमधून उचललं होतं, आमच्या डायरेक्टरच्याच सांगण्यावरून.

नवीन डायरेक्टरचा करार सप्टेंबरमध्ये माझ्याकडे आला. तीन वर्षांचा. मालकांच्या वकिलाने मुदत मेअखेरीऐवजी पुढच्या मोसमाच्या शेवटापर्यंत ओढली होती. त्यावर तिकडच्या एजंटने एक कलम घालून परत पाठवलं: सध्याच्या पदापेक्षा वरच्या कुठल्याही पदासाठी मागणी आल्यास, पदाचं नाव काहीही असो, क्लब परवानगी नाकारणार नाही. मला वाटलं, हे काही पास होत नाही. जीएमनी ते कलम एकदा वाचलं, मालकांना स्वतः फोन लावला, दार बंद करून वीसेक मिनिटं बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, “आहे तसं टाईप कर. सहीला आजच पाठव.”