उंबऱ्यावरची नावं आणि ट्रंकेतले कागद: घराण्याच्या नोंदवहीचं काम कुठवर आलं

आखाजी (अक्षय्य तृतीया) ते श्रावण अशा चार महिन्यांची ही नोंद आहे. काम एकच, घराण्याची वंशावळ कागदावर आणायची. नियमही एकच ठेवला आहे: नावासमोर आधार लिहिल्याशिवाय ते पक्क्या वहीत जात नाही. आधार कागदाचा असेल तर कागदाचा क्रमांक, तोंडी असेल तर कोणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी. कच्ची वही वेगळी, पक्की वही वेगळी. निवृत्तीनंतर हे काम हाती घेणारी बरीच मंडळी पहिल्या आठवड्यातच मोठं झाड काढून भिंतीला लावतात आणि मग त्यातलं एक नाव चुकलं तरी सगळं खोडावं लागतं. झाड शेवटी काढायचं.

आखाजी: नावं गोळा करण्याचा दिवस

खानदेशात याहून चांगला मुहूर्त नाही. घागर भरायच्या दिवशी सकाळी उंबऱ्याची पूजा होते आणि पितरांना बोलावताना एकेका नावानं कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर उमटतं. ती नावं घरातल्या म्हाताऱ्या बाईला पाठ असतात आणि तिला ती सासूकडून मिळालेली असतात. निपुत्रिक गेलेला चुलता, लहानपणी गेलेलं पोर, पहिली बायको ही माणसं जमिनीच्या कागदात सापडत नाहीत, उंबऱ्यावर सापडतात.

मोबाइलवर आवाज मुद्रित करा आणि मध्ये काही विचारू नका. टोकलं की क्रम मोडतो, आणि क्रम मोडला की नाव गळतं. बोटं संपली की उंबऱ्याचा फोटो काढून बोटं मोजा. मुद्रणातली नावं आणि बोटं यांचा मेळ बसला पाहिजे. यंदा 19 बोटं आणि 18 नावं निघाली. आवाज पुन्हा ऐकल्यावर कळलं की एक बोट कोणाच्याच नावाचं नव्हतं, ‘नाव माहीत नसलेल्यां’साठी होतं. तेही तसंच लिहून ठेवलं.

माहेरी आलेल्या आत्या, बहिणी, भाच्या दुपारी एकत्र बसतात तेव्हा साल विचारू नये. साल कोणालाच आठवत नाही, खुणा आठवतात. ‘छपन्नाच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असं विचारावं. छपन्न म्हणजे संवत 1956, इसवी 1899-1900. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. फैजपूरची काँग्रेस डिसेंबर 1936 ची. त्यानंतर 1948 चा गांधीवध, मग 1972 चा दुष्काळ. प्लेगची खूण मात्र एकटी धरू नका. 1896 नंतर प्लेग वर्षानुवर्षं फिरून येत राहिला, त्यामुळे ‘प्लेगात गेला’ एवढ्यावरून साल ठरत नाही. बायकांचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नानंतर बदललेलं नाव ही तिन्ही एकाच बैठकीत विचारून घ्यावीत.

ज्येष्ठ: ट्रंक उघडली

पत्र्याच्या ट्रंकेत 140 कागद निघाले: खतं (व्यवहाराचे दस्त), पावत्या, फेरफाराच्या (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदींच्या) नकला, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका. मे महिन्यात ट्रंक उघडली तरी घड्या उघडू नका. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो आणि हवेत ओल नसते. अशा हवेत चार घड्यांचा जुना कागद घडीवरच तुटतो. मृग लागेपर्यंत तसाच ठेवला तर निम्मे कागद आपोआप नरमतात.

उरलेल्यांसाठी झाकणाचा प्लास्टिकचा खोका घ्यावा. तळाशी ओला करून घट्ट पिळलेला टॉवेल, त्यावर चार वाट्या पालथ्या, वाट्यांवर जाळी, जाळीवर टीपकागद आणि त्यावर घडी घातलेलाच कागद. झाकण लावून दोन तास, फार तर चार. झाकणाला आतून थेंब धरले तर ते कागदावर पडतात, म्हणून झाकणाखाली कोरडा पंचा ताणून लावावा. कागद नरमला की घडी बोटानं हळूच उघडायची, दोन टीपकागदांमध्ये ठेवायचा, वर काच आणि काचेवर चार-पाच किलो वजन, दोन दिवस. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदलावा.

त्याआधी शाईची परीक्षा करावी. कानकोरणीचा कापूस किंचित ओला करून कोपऱ्यातल्या एखाद्या टिंबाला टेकवा. काजळाची काळी शाई बहुधा जागची हलत नाही. जांभळा रबरी शिक्का आणि कॉपिंग पेन्सिल (ओल लागली की जांभळी होणारी) मात्र लगेच पसरतात. कापसाला जांभळा रंग लागला तर तो कागद खोक्यात घालायचाच नाही. जुलै-ऑगस्टात हा खोका वापरूच नये. हवेत आधीच ओल असते, बुरशी चढते.

सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन्ही गोष्टी कागदाच्या मुळावर उठतात. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन शाईत उतरतो. लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवू नयेत आणि कडुनिंबाचा पालाही थेट पानांत घालू नये, डाग पडतात. कसर आणि वाळवीवर खरा इलाज म्हणजे ट्रंक भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून विटांवर ठेवणं, आणि महिन्यातून एकदा उघडणं.

खळ: कुरडयांचा चीक इथे कामी येतो

फाटलेल्या घडीला आतून पातळ जपानी टिश्यूची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. सत्त्व आपल्या घरी उन्हाळ्यात निघतंच. गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, वाटून पातळ फडक्यातून गाळायचं आणि रात्रभर निवळू द्यायचं. कुरडयांसाठी इथे थांबतात, खळीसाठी थांबू नये. वरचं पाणी ओतून पुन्हा पाणी घालावं, ढवळून निवळू द्यावं, असं दोनदा. वरचा करडा चिकट थर चमच्यानं काढून टाकायचा, तळातलं पांढरं सत्त्वच घ्यायचं. करडा थर राहिला तर खळ वाळल्यावर ताठ होते आणि कागदाला सुरकुत्या ओढते. पहिल्या घाण्यात नेमकं हेच झालं.

वाळलेल्या सत्त्वाचा एक भाग, पाणी पाच भाग. मंद आचेवर अर्धा तास सतत हलवत राहायचं. दुधाळ रंग जाऊन खळ काचेसारखी झाली आणि चमच्यावरून सलग उतरली की झालं. गार करून पातळ फडक्यातून दाबून गाळावी आणि लावताना थोडं पाणी घालून ताकाइतकी पातळ करावी. मीठ आणि पापडखार अजिबात नको. जिल्दसाज किडीसाठी खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालत असत, तेही नको. ते विषारी आहेच, शिवाय तांबं कागद खातं. खळ फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकून द्यायची. टिश्यू कात्रीनं न कापता ओल्या कुंचल्याची रेघ ओढून फाडावा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून कागदात मिसळतात.

आषाढ: फोटो

18 बाय 24 इंचाचा प्लायचा तळ, मागच्या बाजूला 20 इंच उभी सागाची पट्टी, तिच्यावर 10 इंचाचा आडवा हात, हाताला मोबाइलचा होल्डर. साधारण फूटभर उंचीवरून फुलस्केप कागद मावतो. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा असतो, त्यामुळे साडेतेरा इंच लांब कागदाला इंचाला जेमतेम 296 ठिपके मिळतात. वाचायला आणि छापायला तेवढे पुरतात. त्याहून मोठा कागद दोन फोटोंत घ्यावा.

मोबाइल कागदाशी समांतर आहे की नाही हे लेव्हलनं बघत बसण्यापेक्षा तळावर छोटा आरसा ठेवावा. आरशातली कॅमेऱ्याची भिंग पडद्याच्या बरोबर मध्यावर दिसली की समांतर. दोन्ही बाजूंना 9 वॉटचे एकाच रंगाचे एलईडी बल्ब, 45 अंशांवर, दोन फूट लांब, समोर पांढरा पातळ कागद. एक बल्ब पिवळा आणि एक पांढरा असेल तर अर्धं पान वेगळं दिसतं. पातळ कागदाला पाठीमागचं अक्षर उमटून दिसतं, तिथे खाली काळा कार्डबोर्ड घालावा, पांढरा नको. चौकटीत पट्टी ठेवावी. बटण दाबताना हात हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर.

फाइलला नाव देताना गाव, प्रकार, साल, क्रमांक हाच क्रम. साल माहीत नसेल तर 0000. तीन प्रती: संगणकात, बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाकडे किंवा पुतण्याकडे.

वाचन: इथेच खरा वेळ जातो

अमुक वल्लद तमुक किंवा अमुक बिन तमुक म्हणजे तमुकचा मुलगा. कोम म्हणजे बायको. भ्र. म्हणजे भ्रतार, नवऱ्याचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, थोडक्यात वारस तेव्हा लहान होता, आणि त्यावरून वयाचा अंदाज निघतो. ए.कु.मॅ. दिसलं की थांबा. ते एकत्र कुटुंब मॅनेजर. उताऱ्यावर एकाचंच नाव असतं, पण त्याच्या मागे भाऊ लपलेले असतात. याला एकुलता समजलं की एक अख्खी शाखा जाते.

लपलेले भाऊ आणेवारीतून, म्हणजे आणे-पैत लिहिलेल्या हिश्श्यांतून, निघतात. वाटणीच्या नोंदीत एकाच्या नावासमोर 5 आणे 4 पै असं होतं. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे 192 पै. पाच आणे चार पै म्हणजे 64, बरोबर तिसरा हिस्सा. तोंडी माहितीत भाऊ दोनच होते. तिसऱ्याचं नाव उंबऱ्याच्या मुद्रणात होतं, पण कोणाच्या शेजारी बसवायचं ते कळत नव्हतं. दोन्ही एकत्र ठेवल्यावर जागा सापडली. आणेवारीचा हिशोब प्रत्येक नोंदीवर करा, फार लागत नाही.

तारखांचं थोडक्यात: शकात 78 मिळवा, पौषात दोन्ही साली ताडून पाहा, माघ-फाल्गुनात 79. गुजर-मारवाडी सावकाराच्या खतावर संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरअखेर 57 वजा, पुढे 56. पेशवाईतल्या मोडी कागदावर अरबी शब्दांत साल येतं. तिसा अशर मयातैन व अलफ म्हणजे 9, 10, 200, 1000, एकूण 1219. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर 599, नंतर 600. हे 1818-19 झालं, खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हाचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं आणि शिरोरेघ आधीच ओढलेली असते, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते अर्थावरूनच ठरवावं लागतं. रोज अर्धा तास, आधी घरातल्याच माणसाची नावं शोधायची. ओळखीच्या नावावरून त्या लेखकाच्या अक्षराची किल्ली मिळते.

कचेरीत जाण्याआधी

तालुक्याचं जुनं नाव माहीत नसेल तर दप्तरखान्यात हेलपाटे होतात. पिंपळनेर तालुका म्हणजे आजचा साक्री, विरदेल म्हणजे शिंदखेडा, सावदा म्हणजे रावेर, नशिराबाद म्हणजे जळगाव. 1906 पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा, मुख्यालय धुळे. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम खानदेश, 1960 नंतर जळगाव आणि धुळे, आणि 1 जुलै 1998 पासून नंदुरबार वेगळा.

सर्वांत जास्त माणसं फेरफारातल्या वारसनोंदीत मिळतात: मयताचं नाव, मरणाची तारीख, वारसांची नावं, नाती, बऱ्याचदा वयं. 17 जून 1956 ला हिंदू वारसा कायदा लागू झाला, त्यानंतर मुलींची नावं दिसू लागतात आणि लगोलग हक्कसोडही (मुलीनं आपला हिस्सा सोडल्याचा लेख) दिसतो. हक्कसोडात मुलीचं सासरचं नाव आणि गाव असतं. आत्याचं घर शोधायला यापेक्षा चांगला कागद नाही. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर यांचा सांधा एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट पाडल्याच्या) उताऱ्यात मिळतो, तो भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढा. तो नसेल तर मागचे फेरफार कुठल्या शेताचे आहेत तेच कळत नाही.

गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं, कारण नोंद बारशाच्या आधीची. बापाचं नाव, गाव आणि तारीख यांवरून ताडावं लागतं. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी अंदाजानं घातलेली समजा आणि पक्क्या वहीत फक्त साल लिहा, तेही ‘सुमारे’ लावून.

आजची स्थिती

140 पैकी 96 कागदांचे फोटो झाले, 22 ला खळ लागली, मोडी कागद 11, त्यांपैकी 4 पूर्ण वाचून झाले. पक्क्या वहीत 61 नावं आधारासह आहेत. उंबऱ्यावरच्या 18 नावांपैकी 13 ना कागद सापडला. उरलेल्या पाचांत दोन बायका आहेत, दोन लहानपणी गेलेली मुलं आणि एक पाचव्या पिढीतला पुरुष. त्याच्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी (यात्रेकरूंच्या घराण्यांची वही) बघायची आहे. तिथे जाताना आडनाव आणि मूळ गाव ही दोन्ही लिहून न्यावीत, कारण शोध त्यांवरूनच लागतो. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदात. तोवर उरलेले सात मोडी कागद.