आमची वाटचाल : गार बादली, गरम बादली

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत एका कार-गॅरेजात सुरू झालेला आमचा धंदा आता दोन गाळ्यांत चालतो. समुद्री मत्स्यालयांच्या टाक्यांची देखभाल, आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी, मीठ, आणि मुख्य म्हणजे क्षारता (खारटपणा नव्हे, पाण्याची आम्ल मारण्याची ताकद) व कॅल्शियमची द्रावणं. मासे आणि कोरल, म्हणजे पोवळी, आम्ही कधीच विकले नाहीत. त्यामुळे दुकानात बघण्यासारखं काही नसतं, अशी गिऱ्हाइकांच्या मुलांची तक्रार. पोती, बादल्या, ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा आणि एक जुनाट ओव्हन. त्या ओव्हनबद्दल पुढे येईलच.

सुरुवातीला आम्हीही सगळ्यांसारखं बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात तेच कॅल्शियम क्लोराइड घ्यायचो. स्वस्त, आणि नोव्हेंबरपासून कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ढिगाने. पण पापुद्र्यांचं पोतं असेल तर त्यात ७७ ते ८० टक्के क्लोराइड, गोळ्यांचं असेल तर ९४ ते ९७ टक्के. कृती एकच धरून दोन्ही विरघळवलं, की एका बाटलीत कॅल्शियम पाचव्या हिश्श्याने जास्त. त्यात पोतं उघडं राहिलं तर हवेतला ओलावा ओढून तळाशी चिखल. तेव्हापासून आम्ही फूड ग्रेडच घेतो, आणि पोतं उघडलं की त्याच दिवशी झाकणाच्या बादल्यांत भरतो.

या धंद्यात आकडे तीनच, पण ते एकमेकांना सोडत नाहीत. खऱ्या समुद्रात क्षारता ७ डीकेएचच्या (क्षारता मोजायचं एकक) आसपास, कॅल्शियम लिटरमागे ४१० ते ४२० आणि मॅग्नेशियम १२९० मिलिग्रॅम. कोरल सांगाडा बांधतं तेव्हा दर १ डीकेएचमागे कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने उतरतं. म्हणून दिवसात दीड डीकेएच खाणाऱ्या टाकीतही कॅल्शियमचा आकडा दोन दिवसांत जेमतेम वीसेकने हलतो, आणि क्षारता मात्र तेवढ्यात तळ गाठते. रोज मोजायची ती क्षारता. कॅल्शियम आठवड्याला, मॅग्नेशियम महिन्याला मोजलं तरी चालतं. मॅग्नेशियम १२०० च्या खाली गेलं तर मात्र बाकीचे दोन कितीही ओता, टिकत नाहीत. कारण कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक हीटरवर आणि पंपावर जमण्यापासून अडवून धरणारा तोच.

आमच्या दोन बाटल्या होत्या, उन्हाळी आणि हिवाळी. इथे थंडीत खिडक्या तीन-चार महिने बंद. स्वयंपाकाचा गॅस आणि घरातली माणसं मिळून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवतात, तो पाण्यात उतरतो आणि पीएच ७.८ वर बसतो. अशा टाकीला सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, द्यायचं, त्याने पीएच वर उचलला जातो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, पीएच आधीच ८.३, तेव्हा बायकार्बोनेट. म्हणजे साधा खाण्याचा सोडा, तो पीएचला फारसा हात लावत नाही. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला बायकार्बोनेट ३ ग्रॅम लागतं, कार्बोनेट १.९ ग्रॅम. हा ३ आणि १.९ मधला फरक आम्हाला तेव्हाही तोंडपाठ होता. पोत्यात काय आहे हे पोत्यावर छापलेलं असतं, यावर मात्र भरवसा होता.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा अनेक टाक्या वीज नसल्याने गेल्या. आमच्या गिऱ्हाइकांकडे बॅटरीवरचे हवेचे पंप होते, बहुतेक टाक्या वाचल्या. तेव्हा वाटलं होतं, आता यापेक्षा वाईट काय होणार.

दीड वर्षाने आलं ते पन्नास पौंडाचं पोतं. वर स्पष्ट छापलेलं, सोडियम बायकार्बोनेट. उन्हाळी बाटलीसाठी लिटरमागे ८० ग्रॅम हे आमचं प्रमाण, म्हणजे एका पोत्यातून २८० लिटर, गॅलनच्या चौऱ्याहत्तर बाटल्या. त्यातल्या एकेचाळीस विकल्या गेल्या.

एडिसनला आमचे एक काका आहेत. नात्याने नाही, गिऱ्हाईक म्हणून. औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत हयात गेली, त्यामुळे रोज सकाळी चहाआधी क्षारता मोजायची आणि दोनशे पानी वहीत लिहायची. टाकीत पाणी ४०० लिटर, रोजची खपत १.४ डीकेएच, म्हणून आमच्या बाटलीतलं २१० मिलिलिटर डोसरने, म्हणजे ठरल्या वेळी मोजून सोडणाऱ्या पंपाने, दिवसभरात विभागून. नवी बाटली लावल्यावर त्यांच्या वहीत ओळीने आकडे होते : ७.९, ८.७, ९.४, १०.२. पाचव्या सकाळी फोन आला. ‘‘अरे, तुमची बाटली दीडपट झाली आहे. पीएचसुद्धा ८.४५. हा सोडा खाण्याचा नाही, धुण्याचा आहे.’’

हिशेब बघा. २१० मिलिलिटरमध्ये १६.८ ग्रॅम. बायकार्बोनेट असतं तर ४०० लिटरमध्ये १.४ डीकेएच, कार्बोनेट असेल तर २.२. रोज ०.८ जास्त. वहीतली वाढ नेमकी तेवढीच. काकांनी पोतं न बघता पोत्यातला माल ओळखला होता.

आता ओव्हन. बायकार्बोनेट २०० अंश सेल्सियसला तासभर भाजलं की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कार्बोनेट उरतं. १०० ग्रॅमचे ६३ होतात. आम्ही त्या पोत्यातले १०० ग्रॅम स्टीलच्या ताटात पसरून भाजले. बाहेर काढले तेव्हा ९९. मग त्याच लॉटचं, शिवण न उसवलेलं दुसरं पोतं फोडलं. पुन्हा ९९. आणि तेव्हा आमच्या भरणाऱ्या मुलाला आठवलं, की त्या दिवशी बादली गरम लागली होती. खाण्याचा सोडा विरघळताना पाणी गार होतं, ८० ग्रॅमला तीन-चार अंशांनी. बादलीच्या बाहेरून हात लावला तरी कळतं. धुण्याचा सोडा उलट पाणी तापवतो. त्याला वाटलं, नळाला गरम पाणी आलं असेल. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्या बादलीला हात आम्हीही लावला नव्हता.

एकेचाळीस बाटल्या परत आणायला चार दिवस लागले. ज्यांच्या टाकीत नायट्रेट, फॉस्फेट जवळजवळ शून्य होतं, तिथे ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडली आणि मग मांस सुटलं. पोषण नाही आणि क्षारता ११, हे त्या प्राण्याला झेपत नाही. ज्यांचं फॉस्फेट ०.०५ च्या आसपास होतं ते बहुतेक निभावले. दोन घरी कॅल्शियमची नळी आणि क्षारतेची नळी सम्पच्या, म्हणजे खालच्या जोड-टाकीच्या, एकाच कप्प्यात सुटत होती. तिथे पाण्यात दुधासारखा ढग आला आणि पाणी परत वर नेणाऱ्या रिटर्न पंपाचा दांडा चुन्याने जाम झाला. अशा पंपाला खरवडायचं नाही. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर बुडवून ठेवायचा, आपोआप सुटतो. आणि दोन नळ्या दोन कप्प्यांत, वेळाही निदान अर्ध्या तासाने वेगळ्या.

चढलेली क्षारता उतरवायला आम्ही कोणालाही आम्ल घालू दिलं नाही. क्षारतेचा डोस बंद, कॅल्शियमचाही बंद, ७ ते ७.५ डीकेएचच्या मिठाने थोडं थोडं करून पाव पाणी बदल. १२ वरून १०.८ च्या आसपास येतं. बाकीचं कोरल स्वतः खातं. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त उतार नको. चढण्याने न मेलेली कोरल उतरण्याच्या घाईने मेलेली आम्ही पाहिली आहेत.

पुरवठादाराने काय केलं? आधी म्हणाला, तुमच्याकडे दोन्ही सोडे आहेत, तुमच्याच पोरांनी मिसळले असतील. शिवण शाबूत असलेल्या पोत्याचा फोटो आणि ९९ ग्रॅमचं ताट दाखवल्यावर गप्प झाला. महिन्याने दोन पोत्यांचा क्रेडिट मेमो आला. पत्र नाही, फोन नाही, चूक झाली हा शब्द नाही. आम्ही गिऱ्हाइकांना भरून दिलेली कोरल, पंप आणि मीठ यांचा आकडा लिहीत नाही, पण दुसऱ्या गाळ्याचं भाडं सात महिने थकलं आणि पहिल्या भागीदाराने आपला हिस्सा काढून घेतला. त्याच हायवेवरच्या एका दुकानदाराने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की यांच्या बाटलीने टाक्या मरतात. हाच गृहस्थ वाढ लवकर व्हावी म्हणून लोकांना क्षारता १२ ठेवायला सांगायचा. आमच्या चुकीने जे चार दिवस झालं, ते त्याच्या सल्ल्याने वर्षभर चालू होतं.

काका मात्र दुसऱ्याच आठवड्यात नवी बाटली न्यायला आले. येताना एक छोटी बाटली घेऊन आले, घरी केलेल्या प्रमाण द्रावणाची. ती कृती सगळ्यांनी उतरवून घ्यावी. शून्य टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेल्या, एक लिटर पाण्यात २.४० ग्रॅम कोरडा खाण्याचा सोडा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करायचं. हे बरोबर ८ डीकेएच. तुमच्या थेंबांच्या किटवर याचे ८ न येता ८.६ आले तर घरातले सगळे आकडे ०.६ ने फुगलेले आहेत. हॅनाचा चेकर, म्हणजे रंग वाचून आकडा देणारं छोटं यंत्र, वापरत असाल तर त्याच्या काचेवर बोटाचा ठसा असला तरी आकडा हलतो. आधी काच पुसा, मग कंपनीला शिव्या द्या.

मधली वर्षं बरी गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. लहान टाकीला आमच्या बाटल्यांची गरजच नसते. आपल्याकडे जिला चुन्याची निवळी म्हणतात, तीच पुरते. फूड ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरमागे दीड ग्रॅम, डीआय पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी वरचं स्वच्छ पाणी वापरायचं, खालचा गाळ हलवायचा नाही. वर सायीसारखा पापुद्रा धरतो, तो तसाच राहू द्या, हवा आत जायला तोच अडसर आहे. ४०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडत असेल आणि ते सगळं निवळीने भरलं, तर १.१ डीकेएच आणि त्या प्रमाणात कॅल्शियम दोन्ही मिळतं. पीएच १२.४ असतो म्हणून थेंब-थेंब, शक्यतो रात्री. ऑटो टॉप-ऑफच्या, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या, मागे पंधरा-वीस लिटरची टाकी ठेवू नका. फ्लोट अडकला की ती सगळी एका रात्रीत आत जाते. एका दिवसाला पुरेल एवढीच भरा.

दोन बाटल्या वापरणाऱ्यांनी महिन्याला क्षारमापक लावून खारटपणा बघावा. कॅल्शियम आणि क्षारता कोरल खाऊन टाकतं, मागे उरतं ते साधं मीठ. ते साचत जातं.

आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोत्यातले १०० ग्रॅम आधी ओव्हनमध्ये जातात. ६३ च्या वर एक ग्रॅम आला तरी पोतं बाजूला. भरणारा मुलगा, तोच, आता आमचा भागीदार आहे. बादलीत सोडा पडला की पहिला हात त्याचाच बाहेरून लागतो. त्या पोत्यातला पाव किलो माल बरणीत घालून काउंटरवर ठेवला आहे, आणि दोन पोत्यांचा तो क्रेडिट मेमो बरणीखाली. तो आम्ही अजून वटवलेला नाही.