नाल्याकडेची ती छत्री पाम नाही, उसातल्या लव्हाळ्याची भाऊबंद आहे

पाइपलाइनसाठी जागा उकरली, ओढ्याचा गाळ काढून काठावर टाकला की पहिल्या पावसात तिथं जे काय हिरवं येतं त्याला आपण सरसकट गवत म्हणतो, पण बोटांनी देठ चाचपून बघा राव! गवताचा देठ गोल, बहुतेक पोकळ आणि त्याला पेरं असतात, लव्हाळ्याच्या कुळातला भरीव आणि बहुधा तीन धारांचा, आणि तिसरं एक कुळ आहे जंकसचं, त्याचा देठ सहसा गोल गुळगुळीत, फुलाला सहा पाकळ्या आणि बोंडात बारीक बियांची रास, उलट लव्हाळ्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात आणि बी एका फुलाला एकच.

आमच्या कॉलनीमागच्या नाल्याकडंला सध्या कमरेएवढी छत्र्यांची झाडं दाटलीत, नर्सरीत 'अंब्रेला पाम' म्हणून मिळतात तीच. पण हा पाम नाहीच, हा लव्हाळ्याच्याच कुळातला सायपरस इनव्होलुक्रेटस, मूळचा आफ्रिकेकडचा, काही पुस्तकांत सायपरस अल्टर्निफोलियस या जातीतच धरलेला. याची गंमत म्हणजे देठाच्या धारा इतक्या बोथट की गोलच वाटतो, म्हणून नुसतं चाचपून भागत नाही, ब्लेडनं आडवा कापायचा, आत स्पंजासारखा गर दिसतो, पोकळ नाही. बुडाला पानांऐवजी तपकिरी आवरणं, पानं म्हणून जी दिसतात ती सगळी शेंड्याला फुलांखाली. मोबाईलच्या मॅक्रोत चपटं कणीस धरलं तर खवले दोन ओळींत घट्ट बसलेले, अगदी वेणी घातल्यागत.

आता कुणी लावलंय की स्वतःहून पसरलंय हे कसं ठरवायचं? मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकच मोठा गड्डा असेल तर कुणीतरी कुंडी रिकामी केली असेल. पण इथं एक जुनी छत्री चिखलात वाकून टेकलेली होती, ती उचलली तर पानांच्या बेचक्यांतनं पांढरी मुळं आणि बोटभर कोंब फुटलेले, आणि खालच्या अंगाला लहानमोठी रोपं, म्हणजे हे आता इथलंच होऊन बसलंय. पाण्यात पडलेल्या छत्रीलासुद्धा असेच कोंब येतात, मग पंचगंगेला पूर आल्यावर हे कुठवर जात असेल याची मला खरंच काळजी वाटते. त्यामुळं कुंडीतलं छाटलेलं ओढ्यात टाकू नका, वाळवून टाका. आणि कोल्हापुरात रंकाळा, कळंबा तलावांकडं दिसलं तर नुसत्या छत्रीचा फोटो नको, कापलेला देठ, कणीस आणि आजूबाजूची बारकी रोपं, तिन्हीचे फोटो काढा.