विचाराची पाटी होते तेव्हा

सोमवार, रात्री

एप्रिल संपत आला की पुण्यात दोन गोष्टी सुरू होतात. हापूसची पेटी कधी उतरेल याची चौकशी आणि वसंत व्याख्यानमाला. संध्याकाळी हे आणि मी टिळक स्मारकला जाऊन आलो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ही व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढच्या रांगेतली काही मंडळी तेव्हापासून येत असावीत, असा मला दाट संशय आहे. भाषण बरं झालं. शेवटी प्रश्न विचारायला एक गृहस्थ उठले, माईक हातात आल्यावर त्यांनी स्वतःचंच छोटं भाषण केलं आणि ‘यावर आपलं काय मत?’ म्हणून खाली बसले. हे व्हायचंच.

वक्त्यांचं एक वाक्य मात्र रिक्षात बसल्यावरही डोक्यातून जाईना. ‘माणसं मरतात, विचार मरत नाहीत.’ टाळ्या कडकडाटात. यांनीसुद्धा वाजवल्या. माझे हात काही उचलले गेले नाहीत.

विचार मरतात की. बाई शिकली तर तिचा नवरा मरतो, हा विचार सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच पेठांमधून ठणठणीत हिंडत होता. अडाण्यांचं सोडा, चांगली शिकलेली, पंचांग बघणारी, कचेरीत नोकरी करणारी माणसं तो मानत होती. माझ्या भाचीला हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणजे मेलाच ना तो? आणि कोणी त्याला वादात चीत केलं म्हणून काही तो मेला नाही. मुली शिकल्या आणि नवरे जगले, एवढंच झालं. नवरा कचेरीतून घरी येतोय, चहा मागतोय, बायको खिडकीशी बसून केसरी वाचतेय आणि कोणालाही काहीही होत नाहीये, असं आळीआळीत वर्षानुवर्षं दिसत राहिल्यावर त्या विचाराला कोणी विचारेनासं झालं.

हे यांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग तर टाळ्या वाजवायच्याच होत्या, वाईटच विचार मेला ना.’ मुद्दा तो नव्हता. पण त्यांना झोप येत होती.

मंगळवार

आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट. एक ‘आपली’, एक सर्व्हिसची. सर्व्हिसची चार दिवस बंद आहे, पार्ट यायचाय म्हणतात. आज सकाळी कामाच्या मावशी पाच मजले चढून आल्या. आल्या त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं, ‘अहो, दुसरी लिफ्ट चालू आहे ना?’

‘नको वहिनी. बोलतात.’

कोण बोलतं ते त्यांनी सांगितलं नाही. खाली जाऊन पाटी नीट वाचली. रोज त्या पाटीसमोर उभं राहून आपण लिफ्टची वाट बघतो. पितळी रंगाचा पत्रा, चारही कोपऱ्यांना स्क्रू, त्यातला एक गंजलेला. ‘घरकामासाठी येणाऱ्या व्यक्ती व डिलिव्हरी बॉय यांनी या लिफ्टचा वापर करू नये. हुकुमावरून.’

कोणाच्या हुकुमावरून? सेक्रेटरींना विचारलं.

‘पूर्वीपासून आहे.’

‘पूर्वीपासून म्हणजे? इमारतच मुळी २०१४ ची आहे.’

‘म्हणजे मी यायच्या आधीपासून.’

आधीचे सेक्रेटरी बाणेरला राहायला गेलेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, बिल्डरनंच लावलेली असणार. जुन्या मिनिट्सच्या वहीत ठराव सापडला नाही. म्हणजे मांडणारा नाही, अनुमोदन देणारा नाही, तारीख नाही. आणि रोज शे-दीडशे माणसं तो हुकूम पाळतायत, त्यात गुडघा धरून चढणारी माणसंही आली.

दिवसभरात जे भेटले त्यांना सहज विचारलं, पाटी कशासाठी असेल हो? एकजण म्हणाले, गर्दी होते. एक म्हणाल्या, घामाचा वास येतो (हे बोलताना त्या जिममधून येत होत्या). कोणी म्हणालं, चोऱ्यांच्या दृष्टीनं बरं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, ‘त्यांनाच आपल्याबरोबर अवघडल्यासारखं होतं हो.’ काकांना लिफ्ट लागतच नाही. कारणं प्रत्येकाची वेगळी, एकाचं दुसऱ्याशी जुळेना. पाटीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत.

मला वाटतं, माणसाला धरून ठेवणारे विचार बहुतेक असेच असतात. कारणं आपण त्यांना मागाहून पुरवतो. एक कारण खोडून काढलं की दुसरं तयार असतं, म्हणून तर वाद घालून त्यांना धक्का लागत नाही.

गुरुवार

कुकरची रिंग आणायला तुळशीबागेत गेले होते. येताना दगडूशेठसमोर जरा थांबले. समोर भिडेवाडा होता. मी पाहिला तेव्हा खाली दुकानं, वर वाकलेली लाकडं, कधी कोसळेल नेम नाही असा. २०२३ च्या डिसेंबरात रातोरात उतरवला. तात्यासाहेब भिड्यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी तेव्हा जेमतेम विशी ओलांडली होती.

या वयाच्या मुलाच्या डोक्यात हे आलं कुठून, हा प्रश्न मला नेहमी पडतो. शाळा काढायच्या सुमाराला त्यांनी थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. पेन मूळचा बायकांच्या काचोळ्या शिवणारा इंग्रज कारागीर. पुस्तकाचा पहिला भाग १७९१ चा, आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर लंडनमध्ये राजद्रोहाचा खटला. १८०९ मध्ये तो अमेरिकेत वारला तेव्हा अंत्ययात्रेला मोजकीच माणसं होती. आपलं पुस्तक पुढे पुणे नावाच्या गावात एक माळ्याचा मुलगा वाचणार आहे, याची त्याला काय कल्पना असणार! जोतीरावांचा जन्मच मुळी १८२७ चा.

पुस्तक अनेकांनी वाचलं असेल. वाचून खोली मिळवायची, पोरी गोळा करायच्या, बायकोला आधी स्वतः शिकवायचं आणि मग शिकवायला पाठवायचं, हे त्यांनी केलं. १८४९ मध्ये वडिलांनी लोकांच्या दबावाखाली दोघांना घराबाहेर काढलं. सावित्रीबाई पिशवीत जादा लुगडं घेऊन निघायच्या, कारण वाटेत अंगावर शेण पडायचं. आणि १८५२ मध्ये याच जोतीरावांचा सरकारनं शाल देऊन सत्कार केला तो विश्रामबागवाड्यात, जिथे १८२१ पासून सरकारी खर्चानं संस्कृत पाठशाळा चालत होती. भिडेवाड्यापासून चालत पाच-सात मिनिटं. पुण्यात सगळे विचार एकमेकांच्या इतके शेजारी राहतात की गंमत वाटते.

घरी आल्यावर पाण्याचं आठवलं, कारण अर्थात लिफ्ट. १८६८ मध्ये जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. विचार साधा आहे, तहान लागलेल्या माणसाला पाणी घेऊ द्यावं. याला फार बुद्धी लागत नाही. पुढे १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात तिथले सभासद सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं कागदोपत्री जाहीर केलं. कागदावर विचार पूर्ण जिंकला होता. पण तळ्यावर कोणी अस्पृश्य जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरून गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, त्यांच्यामागून हजारो माणसं. मग गावकऱ्यांनी काय केलं? तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून काढलं आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळं ‘शुद्ध’ केलं. तोवर त्या तळ्यावर गुरं येतच होती. कोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. आणि तरीही १९७० च्या दशकात बाबा आढावांना पुण्याहून निघून ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर फिरावं लागलं. हौद खुला केल्याला शंभर वर्षं उलटून गेली होती.

त्या १०८ घागरींचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. एवढ्या घागरी मोजल्या कोणी? एकेक घागर भरायची, उचलायची, ओतायची; कमरेचा काटा ढिला करणारं काम आहे. पाण्यात काहीही बदललेलं नव्हतं, बदल झाला होता तो माणसांच्या डोक्यात, आणि त्यासाठी ती घामाघूम होत होती. विचारात ताकद किती असते हे बघायचं तर मला मोठी भाषणं नकोत, हे एक दृश्य पुरतं. चांगल्या विचाराचीच ताकद असते असं कोणी सांगितलं?

शनिवार

सोसायटीची मीटिंग. पाटीचा विषय मी मांडला. दीड तास चर्चा. शेवटी ठरलं ते असं की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना फिरायला नेणाऱ्या बाई आजींचा हात धरून ‘आपल्या’ लिफ्टनं येतात, ते योग्यच आहे, तेव्हा पाटीवर ‘ज्येष्ठ नागरिकांसोबत असल्यास वगळून’ एवढं वाढवावं. पाटी काढा म्हणणारे आम्ही तिघंच. नव्या पाटीची कोटेशन्स मागवणार आहेत. मावशींना मी सांगितलंय, माझ्याबरोबर चला, कोण बोलतं बघू. त्या हो म्हणाल्या, पण आल्या जिन्यानंच.

रविवार

कपाट आवरताना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरचा एक जुना कापलेला लेख सापडला आणि दुपार त्यातच गेली. आमच्या भागाला ज्यांचं नाव आहे त्या अण्णा कर्व्यांना सगळे ओळखतात. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडनं वाळीत टाकलं, मग हिंगण्याचा आश्रम, फर्ग्युसनला गणित शिकवायला रोजची पायपीट, १९१६ चं महिला विद्यापीठ, शंभराव्या वर्षी भारतरत्न. त्यांच्या थोरल्या मुलाचं, ‘समाजस्वास्थ्य’ काढणाऱ्या रघुनाथचं म्हणजे र. धों. चं नाव मात्र जरा हळू आवाजात घेतात. संततिनियमन बाईच्या हातात असलं पाहिजे, किती मुलं हवीत आणि हवीत की नकोत हे तिनं ठरवायचं, हा त्यांचा विचार. १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं, यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून मासिक, त्यावर अश्लीलतेचे खटले. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं, तरी दंड झालाच. स्वतःचे पैसे घालत १९५३ पर्यंत अंक काढला आणि त्याच वर्षी गेले. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षं होते.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. ज्या विषयावर लिहिलं म्हणून या माणसाला कोर्टात उभं केलं, तो विषय पंचवार्षिक योजनेत आला. माझ्या लहानपणी एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला असायचा. काल वाचलं असतं तर मी इथे लिहिलं असतं, बघा, विचार जिंकला.

आज तसं लिहवत नाही, कारण तो त्रिकोणही पाटीच होता. र. धों. नी ज्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, जिला ठरवू द्या म्हणून ते भांडले, ती भिंतीवर येईपर्यंत गळून गेली होती. राहिला तो आकडा. आणीबाणीत आकड्याचा कोटा झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही इतकंच.

आई तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका. मास्तर-बाईंना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायला सांगितलं होतं, शब्द तोच, केस. नाही आणली तर पगार अडकायचा. आई पाढे शिकवायची आणि शाळा सुटल्यावर वस्तीत केस शोधत फिरायची. तिला एक जण सापडला, पैशांसाठी तयार झालेला. साठीच्या पुढचा, बायको वारलेली. हेडमास्तरांनी फॉर्मवर वय पंचेचाळीस लिहिलं. त्या महिन्याचा पगार वेळेवर झाला, असं आई सांगायची.