आधी मीटर, मग पार्ट

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ 2006 साली गॅरेज टाकलं, तेव्हा भांडवल म्हणजे पान्यांचा एक संच आणि कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या पार्टवर, बसलेला हात. काम द्वारकेजवळच्या एका उस्तादांकडे शिकलो. कार्ब्युरेटरची गाडी कानावर लागायची. स्क्रू पाव आटा फिरवायचा, आवाज ऐकायचा, झालं. मग एमपीएफआय, म्हणजे सेन्सर आणि इंजेक्टरवर चालणाऱ्या, व्हॅन जुन्या होऊन आमच्यासारख्यांच्या दारात यायला लागल्या आणि नुसत्या कानावर भागेना.

मल्टिमीटर धरायला शिकवलं शेजारच्या काकांनी. ते सातपूरच्या मायको (आताची बॉश) कारखान्यातून निवृत्त झालेले. मी म्हणायचो, ‘काका, सेन्सर गेलाय बहुतेक.’ ते म्हणायचे, ‘बहुतेक नको, व्होल्ट सांग.’ पुढे गॅरेजची सगळी पद्धत यावरच उभी राहिली.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे शाळेच्या व्हॅनवाले, केटरर, पावाची लाईन टाकणारे. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचा धंदा बुडाला. तक्रार ठरलेली: इंजिन गरम झालं की उभ्या गाडीत रेस आपोआप वर-खाली होते. येईपर्यंत कुठेतरी दोन-तीन सेन्सर बदलून झालेले असतात आणि रेस नाचतेच आहे.

खूपदा सेन्सरचा काही संबंध नसतो. ब्रेक बूस्टरचा किंवा दुसरा एखादा व्हॅक्यूम पाईप चिरलेला असतो, नाहीतर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅसकेट हवा ओढत असतं. थ्रॉटल (पेडलनं उघडणारी हवेची झडप) बंद असताना ही चोरून आलेली हवा रेस वाढवते. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, टीपीएसकडून (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर) कळतं की पाय पेडलवर नाही, तरी इंजिन जोरात फिरतंय. म्हणजे गाडी उतारावर असणार, असं धरून ते पेट्रोल तोडतं. रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, रेस परत चढते. हे चक्र पार्ट बदलून थांबत नाही. एकेक पाईप पकडीनं हलकेच दाबून पाहायचा. रेस जिथे सुधारली, तिथे हवा.

मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजतो. त्याचं एक नाशिककरांसाठी सांगतो. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी स्कॅनरवर त्यानं बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. पुस्तकात 101 किलोपास्कल लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. आपण सुमारे 600 मीटरवर राहतो, इथे 94-95 येणारच. हा आकडा पाहून चांगले सेन्सर भंगारात गेलेले मी बघितलेत. इंजिन गरम होऊन आयडलला (पेडल न दाबता) आलं की साधारण 30 ते 40 दाखवतं; 50 च्या वर गेलं तर हवा शोधायला लागा.

एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचा बिघाडाचा कोडही असाच फसवतो. मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असं तो सांगतो, तेव्हा बऱ्याचदा खरंच सांगत असतो. पेट्रोल पंपाचं (गाडीतल्या) प्रेशर कमी असलं, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट पडली, तरी हाच कोड येतो.

तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लागलो तेव्हा मात्र गिऱ्हाइकं बिथरली. ‘काही बदललंच नाही, मग पैसे कसले?’ कित्येक जण तसेच निघून गेले. घरातही कुरबुर झाली. पण पार्टच्या मार्जिनवर जगणारा मिस्त्री पार्ट बदलणारच, हे माझं ठाम मत आहे. आम्ही आकडे कागदावर लिहून द्यायला लागलो: टीपीएस बंद थ्रॉटलला किती व्होल्ट, पेडल दाबताना मध्ये कुठे तुटतो का, इंजिन ब्लॉक ते बॅटरी अर्थिंगमध्ये किती व्होल्ट पडतात. तो कागद घेऊन माणूस दुसऱ्या गॅरेजला जाऊ शकतो. काही गेलेही, आणि पुढच्या वेळी परत आले.

2020 च्या लॉकडाऊननं आमचं काम बदललं. शाळा बंद, व्हॅन महिनोन्‌महिने उभ्या. सुरू करायला गेले तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, कपलरला (वायरच्या जोडाला) हिरवा गंज. तेव्हापासून वायरिंगसाठी वेगळा मुलगा ठेवलाय. तो इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरचा जुडगा) हातानं हलवत जातो आणि मीटरवर नजर ठेवतो. कंटाळवाणं काम आहे, पण मधूनच येणारा बिघाड असाच सापडतो.

आता मारुतीची ओम्नी व्हॅन 2019 पासून बनत नाही, तरी रस्त्यावर भरपूर आहेत, त्यामुळे काम आहे. स्मोक मशीनही घेतलं. पाईप दाबत बसण्यापेक्षा धूर कुठून निघतो ते दिसतं.

व्हॅन आणणार असाल तर एक विनंती. येण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून बॅटरीची वायर काढू नका. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा विझतो खरा, पण ईसीएममध्ये जमा झालेले कोडही पुसले जातात. आणि आधी बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून बरोबर आणा. त्यातला एखादा चांगला निघाला तर परत बसवता येतो.